घरासकट घाट उतरताना

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या टपालाला करपलेल्या लायनरचा, म्हणजे ब्रेकमधल्या घासपट्टीचा, वास येतो. या खेपेला आलेल्या पत्रांत निम्मी मोटरहोमवाल्यांची, म्हणजे चाकांवर घर घेऊन फिरणाऱ्यांची, आहेत, म्हणून हा महिना त्यांनाच दिला. दुचाकीवाल्यांनी रुसू नये.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी इंजिनियर नव्हे. १९८९ पासून गोव्यात सांगे भागातल्या खाणींवरून कापशेंच्या जेटीवर खनिज वाहिलं, मधल्या काळात बेळगावहून भाजी आणली आणि २०१२ साली खाणी बंद पडल्यावर उसगाव-तिस्कला गॅरेज टाकलं. पहिली मोटरहोम दारात उभी राहिली तेव्हा शेजारचा वेल्डर हातातलं काम टाकून फोटो काढायला आला होता. आता तो मानही वर करत नाही.

प्रश्न : बसच्या चॅसीवर बांधलेली आमची मोटरहोम भरल्यावर सात टनांच्या आसपास जाते. ब्रेक तेलाचे आहेत, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवाले. बेळगावहून येताना अनमोड घाटात निम्म्यावर वास यायला लागला, मग मागच्या डाव्या चाकातून धूर निघाला आणि पुढच्या वळणाला पेडल थेट तळाला गेलं. नशिबाने हँडब्रेकवर आणि गियरवर गाडी थांबली. पाऊण तास उभे राहिलो, पेडल आपोआप पूर्वीसारखं झालं. मेकॅनिकने चारही चाकांचे लायनर बदलून दिले आणि ‘आता बिनधास्त जा’ म्हणाला. जाऊ का? (डिचोलीहून एक निवृत्त तारवटी, म्हणजे खलाशी)

जाऊ नका, निदान अजून तरी नको.

तुमच्या पत्रातली ‘पेडल तळाला गेलं’ आणि ‘आपोआप पूर्वीसारखं झालं’ ही दोन वाक्यं मेकॅनिकने नीट ऐकली असती तर त्याने आधी लायनरला नव्हे, तेलाला हात घातला असता. घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पेडल दगडासारखं कडक लागतं, पायाचा सगळा जोर लावला तरी गाडी दबत नाही, तेव्हा लायनर तापून गुळगुळीत झालेले असतात. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि तेल दाबलं जात नसलं तरी वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल मारता ते बुडबुडे चेपण्यात जातं, चाकापर्यंत काही पोचतच नाही. गार झालं की वाफेचं परत तेल होतं आणि पेडल साळसूदपणे वर येतं. तुम्ही बोटीवर काढलेल्या वर्षांत पंपात हवा धरणं पाहिलं असेलच, हा त्यातलाच प्रकार.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ३ दर्जाचं तेल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर तेच १४० वर उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. गोव्याच्या दमट हवेत दोन वर्षं झालेलं तेल मी गाडीत ठेवत नाही, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो. तुमचं शेवटचं कधी बदललं हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरून मी काय ते समजलो. सगळं काढून नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या.

आता त्या डाव्या चाकाबद्दल. घाटाने तापवलं असतं तर चारही चाकं कमीजास्त तापली असती. एकाच चाकातून धूर आला म्हणजे ते चाक घाटाला लागण्याच्या आधीपासून ओढत होतं. व्हील सिलिंडर अडकतो, हँडब्रेकची केबल गंजून परत येत नाही, नाहीतर कोणीतरी शू, म्हणजे लायनर ज्यावर बसतो ती कमान, वाजवीपेक्षा वर सेट केलेला असतो. नवे लायनर घालून हे जात नाही, उलट नवा लायनर जाड असल्यामुळे जास्तच घासतो. तपासणी फुकटची आहे. सपाट रस्त्यावर, फारसा ब्रेक न मारता, दहाएक किलोमीटर गाडी चालवा. हळूहळू थांबवून खाली उतरा आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध, चार बोटं लांब, तळहात धरा. हात टेकवू नका, मी एकदा टेकवलाय. चारांपैकी एकाचीच धग लागली तर तेच चाक आधी खोला.

हे झालं गाडीचं, आता चालवणाऱ्याचं. राग मानू नका, पण तुम्ही घाट ब्रेकवर उतरलात. सात टनांची गाडी पाचशे मीटर खाली आली असं हिशेबापुरतं धरा. त्या उतारात जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात सुमारे ११५ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. वीस लिटरचे जवळपास सहा कॅन! हे सगळं चार ड्रमांच्या, म्हणजे चाकांतल्या ब्रेकच्या डब्यांच्या, अंगात घालायचं की इंजिनाला वाटा उचलायला लावायचा, हे तुम्ही वरच्या पहिल्या वळणाआधी ठरवता. खाली ठरवायला वेळ नसतो.

माझे उस्ताद म्हणायचे, ‘ज्या गियरार चडलो, त्याच गियरार देंव.’ नियम सोन्यासारखा होता, पण तो त्यांच्या काळच्या इंजिनांचा. ती बिचारी दुसऱ्या गियरात कण्हत चढायची, म्हणून दुसऱ्यातच उतरायची. आताचं टर्बो इंजिन तोच चढ चौथ्यात हसत चढतं. चौथ्यात उतरलात तर मात्र गाडी हातात राहत नाही. म्हणून मी एक गियर खालचा सांगतो, आणि गाडी भरलेली असेल तर दोन.

डिझेलची एक खोड पेट्रोल गाडीवरून आलेल्यांना ठाऊक नसते. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. डिझेलमध्ये हवेची वाट बहुधा उघडीच असते, त्यामुळे नुसता पाय काढून मिळणारी पकड कमी. ती भरून काढायला एक्झॉस्ट ब्रेक असतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत एक झडप बंद होते आणि इंजिन स्वतःच्याच धुरावर जोर काढत बसतं. बसच्या चॅसीवर तो बहुतेक असतो. बटण स्टिअरिंगजवळ कुठेतरी सापडेल, आणि अनेकांच्या गाडीत ते बॉडी बांधणाऱ्याने पडद्याच्या पट्टीमागे झाकलेलंही सापडतं. इंजिन चढ्या फेऱ्यांत असलं तरच तो काम करतो, म्हणजे खालचा गियर हवाच. एक सांभाळा, त्याची पकड फक्त मागच्या चाकांवर येते. पावसात, शेवाळलेल्या वळणावर, मागचा भाग हलका असेल तर वळणात शिरण्याआधी तो बंद करा.

एवढं करूनही वेग वाढतोच, तेव्हा ब्रेक लागतो. ३० चा वेग ठरवला असेल तर काटा ३० वर आला की पेडल ठामपणे दाबा, २० वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा ३० झाले की पुन्हा तेच. पेडलवर पाय ठेवून अलगद घासत उतरणं जपून चालवल्यासारखं वाटतं, पण त्यात ड्रमला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. एअर ब्रेक असेल तर उगाच फटाफट पंप करू नका, प्रत्येक वेळी टाकीतली हवा जाते आणि कंप्रेसर मागे पडतो. रोज सकाळी एअर टँकचे ड्रेन उघडून पाणी काढत जा. आपल्याकडे ते पाणी निघतंच.

वास आला तर रुंद जागा बघून थांबा. चाकांखाली दगड, गाडी गियरमध्ये, आणि हँडब्रेक ओढू नका. तापलेला ड्रम फुगलेला असतो. गार होताना तो आकसून शूवर घट्ट बसतो आणि मग चाक सुटत नाही. पाणी तर मुळीच ओतू नका, ड्रमला तडा जातो. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. बटाट्याची पोती भरलेला ट्रक होता, आमच्या गावची जत्रा होती आणि मला रात्रीच्या आत पोचायचं होतं. उस्ताद शेजारी झोपलेले. मी चौथ्यात सोडला. ते वासाने जागे झाले, माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता हात पुढे करून हँडब्रेकचा दांडा एकेक दात ओढायला लागले आणि मला म्हणाले, तिसरा घाल. मग, दुसरा घाल. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घालून थांबली. मी घाईघाईने कॅनमधलं पाणी ड्रमवर ओतलं. टण्ण असा जो आवाज झाला तो अजून कानात आहे, आणि त्या ड्रमचे पैसे पुढचे तीन महिने माझ्या पगारातून जात होते.

प्रश्न : साहेब, आमच्या गाडीला ब्रेकचा काही त्रास नाही, पण चोर्ला घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे जातो. केरीपासून वर निघालं की पंधरा-वीस मिनिटांत. सपाटीवर काटा मधेच असतो. गाडी मी चालवते, आणि यजमानांचं म्हणणं की मी गियर फार लवकर खाली घेते, त्याने इंजिन तापतं. थर्मोस्टॅट बदलून झाला, कुलंट बदलून झालं. (फोंड्याहून एक वाचक)

ताई, गियरचं तुमचं बरोबर आहे. यजमानांना हे पान दाखवा.

वरच्या गियरात इंजिन दबून चालतं, गाडी हळू ओढते, आणि त्याच वेळी वॉटर पंप आणि पंखाही हळू फिरतात, कारण दोन्ही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात. म्हणजे उष्णता जास्त आणि गारवा कमी. खालच्या गियरात आवाज वाढतो, माणसं घाबरतात, पण पाणी आणि वारा दोन्ही जोरात फिरतात. काटा चढू लागला की एक गियर खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर अर्धा सोडा. वेग २५ झाला तर होऊ द्या.

सपाटीवर बरी आणि चढाला तापते, म्हणजे रेडिएटरला वारा कमी पडतोय. आधी गाडीच्या तोंडासमोर उभ्या राहा. काय काय लावलंय? मोटरहोमवाल्यांना पुढे जाडजूड गार्ड, चार दिवे, नावाची पाटी आणि त्यावर सायकल टांगायची हौस असते. मागच्या महिन्यात एक गाडी आली होती, तिच्या जाळीवर पुढून पितळेची गणपतीची थाळी बसवली होती, चांगली परातीएवढी. देव तिथे बसवला तर वाऱ्याने कुठून यायचं? आम्ही ती आत, ड्रायव्हरच्या समोर नेली.

मग रेडिएटर. पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर, आणि दोघांच्या फटीत सावरीचा कापूस, पतंग आणि लाल माती साचून नमदा बनतो. पुढून पाणी मारलं की तो आणखी आत जातो. इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाने, बाहेरच्या दिशेला मारा. प्रेशरवॉशची बंदूक जवळ धरली तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि रेडिएटर कायमचा आंधळा. पंख्याला इंजिनाशी जोडणारा व्हिस्कस क्लचही बघून घ्या. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने सहज गरगर फिरला तर क्लच गेला. हे बघताना किल्ली खिशात ठेवा, गाडीला नको.

घाटात काटा लाल झालाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि खिडक्या उघड्या. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे धाकटा रेडिएटरच आहे. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटं सोडून द्या, टर्बोलाही तेल मिळतं. अपवाद एकच, बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सांडत असेल तर ताबडतोब बंद. आणि झाकण उघडायचं नाही. गार होईपर्यंत नाहीच, फडक्याने धरूनसुद्धा नाही.

प्रश्न : माझे मामा घाटात गाडी न्यूट्रल करून उतरवतात. त्याने डिझेल वाचतं म्हणतात. खरं का? (पेडणे, कॉलेज विद्यार्थी)

खोटं. मामांना माझ्या नावाने सांग.

आताच्या डिझेल इंजिनात गाडी गियरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटर सोडलास की इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर जिवंत राहावं लागतं, म्हणजे डिझेल जळतं. मामा डिझेलही घालवतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. एखादा इंजिनच बंद करून उतरतो. तेव्हा पॉवर स्टिअरिंग जड होतं, बूस्टरचा जोर दोन-तीन पेडलांत संपतो आणि एअर ब्रेकवाल्याचा कंप्रेसर थांबतो. असा माणूस नातेवाईक असला तरी त्याच्या गाडीत बसू नये.

प्रश्न : गाडी जून ते गणेश चवथीपर्यंत आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, फणसाखाली उभी असते. हँडब्रेक लावून, ताडपत्री घालून, दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करतो. तरी दर वर्षी चवथीनंतर पहिल्या फेरीला काही ना काही निघतंच. यंदा चाकच फिरेना. आमचं काय चुकतं? (सांगे)

तुमचं जवळजवळ सगळंच चुकतं, पण मन लावून चुकतं. बाकीचे गाडीकडे बघतसुद्धा नाहीत.

चाक फिरेना ते हँडब्रेकमुळे. चार महिन्यांच्या पावसाळी हवेत ड्रम गंजतो आणि दाबून बसलेला लायनर त्याला चिकटतो. एंजिनाने हिसका देऊन सोडवायला जाल तर लायनर शूवरून सोलून निघतो. पुढच्या वर्षी चिऱ्याच्या पक्क्या जागेवर उभी करा, गियरमध्ये टाका, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा. जागा साफ सपाट हवी, हे सांगायला नको. आणि फणसाखाली? जूनमध्ये? एक पिकलेला फणस छतावरच्या सोलर पॅनेलवर पडला की माझं म्हणणं पटेल.

ती दर आठवड्याची पाच मिनिटं बंद करा. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये ओल उतरते आणि स्टार्टरने बॅटरीतून जेवढं घेतलं तेवढं परतही भरत नाही. बीएस-सहा गाडी असेल तर धुराच्या फिल्टरमध्ये काजळी जमते, कारण ती जाळायला लागणारी उष्णता उभ्या गाडीत तयार होत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, उघाड बघून, गाडी रस्त्यावर काढा आणि चांगले वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. एसी लावा, ब्रेक दाबा, सगळे गियर वापरा. तेवढं जमणार नसेल तर सुरूच करू नका, बॅटरीची वायर काढून ठेवा.

डिझेलची टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्री पत्र्यावर पाणी धरते, ते तळाला बसतं, आणि डिझेल-पाण्याच्या त्या सांध्यावर बुरशीसारखा काळा चिकट साका वाढतो. चवथीनंतर पहिल्यांदा गाडी काढण्याआधी वॉटर सेपरेटरच्या खालचा नट सैल करा आणि काचेच्या बरणीत थोडं उतरवून दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली स्पष्ट वेगळं दिसतं. एक बरणी मी गॅरेजात फळीवर ठेवलीय. वर पिवळं डिझेल, खाली दोन बोटं पाणी आणि मधे सायीसारखा काळा पडदा. ज्यांना पटत नाही त्यांना दाखवतो. चढावर गाडी आचके देते तेव्हा लोक इंजेक्टर बदलायला धावतात, आणि दोष त्या पडद्याचा असतो.

उंदीर विसरू नका. वायरिंग कुरतडतात, एअर फिल्टरच्या पेटीत घरटं करतात. उंदरांमागोमाग जे येतं ते तुम्ही सांगेकर जाणताच. बोनेट उघडताना आधी काठीने ठोकत जा.

टायरचं शेवटचं. मोटरहोमचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. नक्षी कोरी दिसते आणि कडेला बारीक भेगा असतात. टायरच्या कडेवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर जो नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या २३व्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांनंतर मी तो घाटात नेत नाही. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरची हवा हटकून तपासा. सगळे बाहेरच्याला लाथ मारून बघतात आणि आतला महिनोन्महिने अर्धा बसलेला असतो. त्याचा भार मग बाहेरचा एकटा वाहतो, आणि उतारावर तोच फुटतो.

प्रश्न : आरसीवर आमच्या गाडीचं भारासह वजन ७५०० किलो आहे. साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरेल ना? आणि आम्ही किचनला ग्रॅनाइटचा ओटा केला आहे, त्याने काही फरक पडतो का? (वास्को)

ग्रॅनाइटचा ओटा! बरं.

लायसन्स ७५०० पर्यंत पुरतं. त्यावर मोठा वादही झाला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने याच मर्यादेवर शिक्कामोर्तब केलं. पण आरसीवरचा आकडा म्हणजे गाडीने जास्तीत जास्त किती वजन घ्यावं तो. तुमची गाडी प्रत्यक्षात किती भरते हे आरसीला ठाऊक नाही. २० मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास भरते. तुमचा ओटा पाच फुटांचा धरला तरी चाळीस-पन्नास किलो झाले, आणि तेही उंचावर, एका कडेला. घरगुती गॅसचा सिलिंडर भरलेला तीस किलोच्या आसपास. पाणी लिटरला एक किलो, टाकी ३०० लिटरची असेल तर ३०० किलो, शिवाय अर्धवट भरलेली टाकी वळणावर हेलकावे देते ती वेगळीच.

म्हणून प्रवासाला निघताना भरता तशी गाडी भरा, माणसांसकट, आणि वजनकाट्यावर न्या. खाणींच्या कृपेने आपल्याकडे काट्यांची वाण नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एकूण वजन बसलं तरी मागच्या ॲक्सलचं बसेलच असं नाही, कारण मागे स्कूटर टांगली की ती नुसती आपलंच वजन घालत नाही, पुढचं उचलून मागे टाकते. पुढचं चाक हलकं झालं की चढावर स्टिअरिंग पोकळ लागतं. टायरमधली हवाही याच आकड्यांवरून ठरवायची, आणि सकाळी, गार टायरवर.

घाटात जाताना पाणी पाव टाकी पुरे. वर बेळगावात पाणी मिळतं. सिलिंडर मात्र चालत्या गाडीत नॉबवरच बंद हवा, फ्रिज गॅसवरचा असला तरी.

प्रश्न : आंबोलीच्या वळणांवर आमच्या गाडीचा मागचा भाग समोरून येणाऱ्या गाडीला घासता घासता राहिला. आरशात तर जागा दिसत होती. (कुडचडे)

आरशात मागचं चाक दिसतं, चाकामागचं घर दिसत नाही. मागच्या चाकाच्या पुढे असलेला भाग वळणाच्या आत कापतो आणि मागे लोंबणारा भाग बाहेर फेकला जातो. स्टिअरिंग जितकं झटकन फिरवाल तितका जास्त. म्हणून अरुंद वळणावर चालता चालता, हळूहळू फिरवा. आधी एखाद्या रिकाम्या मैदानात चाकं पूर्ण वळवून पुढे घ्या आणि मागचा कोपरा किती बाहेर गेला ते खडूने आखून मोजा. एका गाडीचा तो सव्वा हात भरला, मालक खाली उतरून दोनदा मोजत होता.

घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. तुम्ही उतरत असाल तर वळणाच्या अलीकडे, जिथे रुंद आहे तिथे थांबा. आणि डाव्या खिडकीत माणूस बसवा, मोबाईल न बघणारा. ‘अरे अरे अरे’ हा इशारा होत नाही, त्यातून थांबायचं की पळायचं ते कळत नाही. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल, कंडक्टरच्या घंटीसारखं.